बायंडरच्या लेकीची वही

आक्का काजं करत बसली होती, तेव्हा ती पोरगी दारात आली आणि आत न येता उंबऱ्यावरच खोळंबली.

"आत ये. बटण तुटलं की नीट लावून घ्यावं गं," आक्का मान वर न करता म्हणाली. "तुझ्या बापाने लावलंय ना ते? बायंडर आहे तो."

पोरगी दचकली. कोपऱ्यात फाइल उघडून बसलेला जावईही दचकला.

"आक्का, तुम्ही हिला ओळखता?"

"हिला नाही, दोऱ्याला ओळखते. पांढऱ्या शर्टाला तपकिरी दोरा, तोही मेण लावलेला आणि सुतळीएवढा जाड. शिंपी असा दोरा वापरत नाही आणि आई वापरू देत नाही. म्हणजे घरात आई नाही, आणि बाप पुस्तकं शिवतो."

जावई वकील होता. हुशार आहे, असं त्याची बायको म्हणायची. आक्काने याबाबतीत आपलं मत राखून ठेवलं होतं.

दुकान शाळेच्या फाटकासमोरच होतं. दारावर दोन पाट्या होत्या. मोठी जुनी: "गणवेश शिवून मिळतील." तिच्याखाली लहान, नवी: "चौकशी करून मिळेल." हरवलेलं, चोरलेलं, पळालेलं, लपवलेलं असं आक्काने बरंच शोधून दिलं होतं. स्वतःची शाळा मात्र तिची तिसरीतच सुटली, पाठची भावंडं सांभाळायला. अजूनही समोर घंटा झाली की तिचं शिवणयंत्र आपोआप थांबायचं. कोणी विचारलं तर ती म्हणायची, दोरा तुटला.

"हीच ती आपली अशील, आक्का," वकील म्हणाला. "वहीवाली. हिला मीच सांगितलंय घराबाहेर पडू नकोस म्हणून. चिमे, इथे कशी?"

चिमी आठवीत होती. आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ती मोजकंच बोलायची. वर्गाने तिचं नाव "मुकी" ठेवलं होतं. आता मात्र ती एका दमात बोलली.

"उद्या शिडीला शाळेतून काढणार आहेत. तिने नाही केलं."

"तिनेच केलंय," वकील म्हणाला. "पुरावा आहे."

"तिने नाही केलं."

"तुला कशावरून कळलं?"

चिमीने जरा विचार केला. "मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ बसते. आणि मला बोल बोल म्हणत नाही."

आक्काने सुई खाली ठेवली. "आणखी काय पाहिजे तुला?"

"माझी वही. आईला सांगायचं खूप राहिलंय."

एवढं बोलून ती आली तशी गेली.

"आता सांगा जावईबापू. पण कलमं कमी आणि माणसं जास्त."

वकिलाने सांगितलं. चिमी एका वहीत आईला रोज पत्र लिहायची. कोण काय म्हणालं, कोणी दप्तरात कचरा टाकला, सगळं तारीखवार. छळ वाढला तेव्हा बापाने शाळेत लेखी तक्रार केली. तेरा दिवस झाले त्याला. वकिलाच्याच सल्ल्याने, मागच्याच्या मागच्या शुक्रवारी, ती वही पुरावा म्हणून शाळेत दिली. पुढच्या मंगळवारी फोनवर "मुकीचं टपाल" नावाचं एक निनावी खातं उघडलं गेलं. त्यावर वहीतल्या पत्रांचे आठ फोटो होते. खाली ओळ होती, "मेलेल्यांना टपाल पोचतं का?" संध्याकाळपर्यंत सगळ्या शाळेने पाहिलं. बुधवारपासून चिमी शाळेत गेली नव्हती.

"आणि शिडी?"

"वर्गातली सगळ्यात उंच पोरगी, म्हणून शिडी. हिची एकुलती मैत्रीण. वही शाळेत देण्याच्या दोन दिवस आधी, बुधवारी, चिमीने तिला ती घरी नेऊन वाचायला दिली होती. दुसऱ्या कोणाच्याच हातात वही गेली नाही. उद्या अकराला समिती बसतेय. कायदा कडक आहे, आक्का. छळ करणाऱ्याची गय नाही. तक्रारीचे कागद सीलबंद ठेवायचे, तक्रारदाराचं नाव बाहेर फुटू द्यायचं नाही, आरोप असेल त्याचंही म्हणणं ऐकायचं, पुराव्याशिवाय शिक्षा नाही..."

"कायदा चांगल्या कापडासारखा असतो. माप दुसऱ्याचंच घेतलं तर कापड काय करणार? फोटो बघू."

त्याने कागदावर छापून घेतलेले आठ फोटो पुढे केले आणि वाचायला तोंड उघडलं.

"वाचू नका. ते तिच्या आईला लिहिलंय, आपल्याला नाही."

सुई ओवायचं भिंग घेऊन ती एकेक कागद बघत राहिली. पाचव्या फोटोशी थांबली. वही बरोबर मधोमध उघडली होती. एवढा वेळ ती बघत होती की वकिलाला वाटलं, बाई अक्षर लावतायत.

"चला. आधी बापाकडे."

बायंडरचं दुकान एका जिन्याखाली होतं. खळीचा वास, दाबाखाली ठेवलेली जाडजूड खातेवह्यांची चळत, आणि त्या पलीकडे मान खाली घातलेला माणूस.

"फोटो मी बघितलेच नाहीत," तो म्हणाला. "बघणारही नाही. जगाने बघितले तेवढे पुरे."

"वही तुम्ही स्वतः नेऊन दिली?"

"हो. शुक्रवारी दुपारी. सकाळी ती खिळखिळी होती. पोरीने घरच्या सुईने तीन टाके मारून शिवलेली, पानं लोंबत होती नुसती. बायंडरच्या घरातून असले सुटे कागद शाळेच्या कचेरीत जायचे? नाक कापलं गेलं असतं माझं! इथे आणली, नीट शिवली, पुठ्ठा चढवला, मग नेली."

"पोरीने बघितली नवी शिवण?"

"ती शाळेत होती. नंतर वही तिकडेच राहिली." त्याने दाभण उगाच पुसलं. "तिच्या आईच्या हातची एक यादी होती माझ्याकडे जपून ठेवलेली. तीही वहीच्या शेवटी शिवली. म्हटलं, वही परत आली की उघडेल आणि सापडेल तिला. सांगितलं नव्हतं. आता कधी मिळतेय, देव जाणे."

"वही कोणाच्या हातात दिलीत?" वकिलाने घड्याळ बघत विचारलं.

"वर्गबाईंच्या. लिपिक रजेवर होते."

आक्का आणखी काही विचारेल म्हणून वकील थांबला. पण ती दुकानातले दोरे बघत होती.

शाळेच्या कुंपणाबाहेर कट्ट्यावर एक लांबलचक पोरगी पाय लोंबकळत बसली होती. पाय तरीही जमिनीला टेकत होते.

"शिडी तूच ना? फोन आहे तुझ्याकडे?" आक्काने विचारलं.

"आहे. फोटो काढता आले असते. काढले नाहीत."

"मग इथे का बसतेस?"

"चिमी परत आली तर? आत जाऊ देत नाहीत मला. तिला इथून तरी दिसेन." मग मान वळवून, "दिसतेच मी, कुठूनही."

वकिलाला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं.

मुख्याध्यापिका थकलेल्या होत्या आणि घाईत होत्या. "वही समितीसमोरच उघडेल, उद्या. नियम आहे. पण शंकेला जागाच नाही हो. आमचे लिपिक आलेल्या प्रत्येक कागदाच्या पहिल्या पानावर जांभळा शिक्का मारतात. वहीवर सोमवारचा शिक्का आहे. फोटोतल्या पहिल्या पानावर तो नाही. म्हणजे फोटो वही आमच्याकडे यायच्या आधीचे. तेव्हा वही त्या उंच मुलीकडे होती."

"बघा," वकील आक्काच्या कानाशी पुटपुटला.

"बघतेय," आक्का म्हणाली.

लिपिकाने पुढे केलेली खुर्चीही आक्काने नीट बघून घेतली, मग बसली. त्याच्या कमरेला एकच किल्ली लटकत होती.

"कपाटाची?"

"जिवापाड जपतो. रजेवर जाताना घरी नेतो. एकदा शिपायाने कपाटात आपला जेवणाचा डबा ठेवला होता. फाइलींना महिनाभर तेलाचा वास! तेव्हापासून दुसरी किल्लीच ठेवली नाही. शुक्रवारी भाचीच्या लग्नाला गेलो, सोमवारी आलो. वही टेबलावर होती. शिक्का मारला, पाकिटात घातली, सील केली, कपाटात. शिक्का नाही तर कपाट नाही."

"तुमच्या फोनवर फोटो निघतात?"

त्याने खिशातून बटणांचा एक जुना फोन काढला. "ह्यावर नुसता आवाज निघतो. तोही ह्याची मर्जी असेल तर."

वर्गबाई गोड बोलल्या. डोळ्यांखाली मात्र काळं होतं. "बिचारी चिमी. तिच्या वडलांनी शुक्रवारी वही दिली, ती मी लगेच कचेरीतल्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. असल्या कागदांना फार जपावं लागतं ना."

"खरंय," आक्का म्हणाली. "तुमची मुलगीही ह्याच वर्गात आहे म्हणे?"

"मॉनिटर आहे. पण शाळेत मी तिची आई नाही, सगळ्यांची बाई. घरीसुद्धा वह्या तपासणंच चालू असतं माझं."

मॉनिटर आली. दोन वेण्या, काखेत हजेरीचं पुस्तक, इस्त्रीची घडी मोडलेली नाही. शिडीला बुधवारी वही नेताना तिनेच पाहिलं होतं.

"तू वाचलीस का ती वही?" आक्काने विचारलं.

"मी? मी कशी वाचणार? सगळ्यांनी फोनवर पाहिलं, तेवढंच मी पाहिलं."

"काय होतं गं त्यात? मला वाचायला वेळ लागतो."

"आईला लिहिलेली पत्रं. पानंच्या पानं. आणि शेवटी तिच्या आईची ती यादी." मुलीने खाली बघितलं. "कोणालाही रडू येईल."

"येईल खरं," आक्का म्हणाली, आणि उठली.

रस्त्यावर आल्यावर वकील म्हणाला, "काहीच नवीन नाही. सगळं शिडीकडेच बोट दाखवतंय."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा. चला, मला दोन शर्टांच्या कॉलरी संपवायच्या आहेत. उद्या तुमच्या कायद्यातलं एक कलम मला हवंय. आरोपीला पुरावा बघायचा हक्क असतो ना?"

"असतो."

"मग पाकीट उघडायला लावा. बाकी मी बघते."

दुसऱ्या दिवशी अकराला लांब टेबलाभोवती सगळे बसले. मुख्याध्यापिका, वर्गबाई, टिपण घ्यायला लिपिक, साक्षीला मॉनिटर. एका टोकाला बायंडर आणि चिमी, दुसऱ्या टोकाला शिडी आणि तिचे आजोबा. दोघी मैत्रिणींमध्ये सहा खुर्च्यांचं अंतर होतं, आणि दोघीही ते मोजल्यासारख्या बसल्या होत्या.

"माझी अशील तक्रारदार आहे," वकिलाने सुरुवात केली, "पण तिचीच मागणी आहे की आरोप असलेल्या मुलीला पुरावा दाखवावा. तो तिचा हक्कच आहे."

लिपिकाने सील फोडलं. नवा पुठ्ठा, पहिल्या पानावर जांभळा शिक्का. आक्काने वही घेतली. वाचलं काहीच नाही. मधोमध उघडली आणि शेजारी पाचवा फोटो ठेवला.

"चिमे, तू वही कशी शिवली होतीस?"

"पांढऱ्या दोऱ्याने. तीन भोकं पाडून."

"आता बघ."

चिमीने बघितलं. पानांच्या घडीत पाच भोकं होती आणि त्यांतून जाड तपकिरी दोरा गेला होता, मेणाने चकाकणारा. तिने नकळत शर्टाच्या बटणाला हात लावला.

"आणि आता फोटोत."

फोटोतही पाच भोकं. फोटोतही तपकिरी दोरा.

बायंडर उठून उभा राहिला. "ही माझी शिवण आहे! शुक्रवारी सकाळची!"

"तुम्ही फोटो बघितले नाहीत, आणि पोरीने नवी शिवण बघितली नाही," आक्का म्हणाली. "ज्यांनी फोटो बघितले, त्यांनी अक्षरं वाचली. मला भरभर वाचता येत नाही, म्हणून मी कागद पाहिला. बुधवारी शिडीकडे होती ती तीन भोकांची वही. फोटो पाच भोकांच्या वहीचे आहेत. म्हणजे ते वही शाळेत दिल्यानंतरचे."

"पण शिक्का..." मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"शिक्क्यानेच तर घोळ सोपा केला. शुक्रवारी दुपारी वही इथे आली. शिक्का पडला सोमवारी सकाळी. फोटोत नवी शिवण आहे आणि शिक्का नाही. म्हणजे शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ. त्या वेळात वही कुठे होती?"

"कपाटात," वर्गबाई हळूच म्हणाल्या.

"किल्ली ह्यांच्या कमरेला होती, आणि कंबर भाचीच्या लग्नात. दुसरी किल्ली नाही. कुलूप कशाने उघडलंत, बाई?"

लिपिकाने लिहिता लिहिता कंबर चाचपली.

"वही तुम्ही घरी नेलीत. का, तेही सांगू? तक्रारीत आपल्या लेकीचं नाव आहे का, ते बघायचं होतं."

"हो," वर्गबाई म्हणाल्या. "पण फोटो मी नाही काढले. देवाशप्पथ."

"माहीत आहे. तुमच्या घरात आणखी कोण आहे, तेही माहीत आहे." आक्का मॉनिटरकडे वळली. आवाज मात्र चढवला नाही. "पोरी, काल तू मला यादीबद्दल सांगितलंस. आठ फोटोंत यादी नाही. चिमीलासुद्धा ठाऊक नव्हती. बापाने शुक्रवारी गुपचूप शिवली ती. नवी वही शेवटपर्यंत उलटल्याशिवाय ती कोणाला दिसणार?"

"कसली यादी?" चिमीने विचारलं. पण बाप रडत होता.

हजेरीचं पुस्तक खाली पडलं.

"दोन दिवस आई तीच वही वाचत होती," मॉनिटर म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "दोनदा वाचली. डोळे पुसत होती. माझी निबंधाची वही तिथेच होती, सहीसाठी. आठ दिवस तिथेच होती. हिची आई नाही तरी ही तिला रोज सगळं सांगते. माझी आई समोर बसलेली असते, आणि..."

"फोटो दिसले तेव्हाच मी ओळखलं," वर्गबाई म्हणाल्या. "गप्प बसले. आई आहे मी तिची."

"मग त्या निबंधावर सही करायची होती," आक्का म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यापेक्षा ते सोपं होतं."

मग वकील उठला, आणि पहिल्यांदाच आक्काला तो खरोखर वकील वाटला.

"कुंपणानेच शेत खाल्लं, हे लेखी यायला हवं. ते खातं आज बंद होईल. शिडीवरचा आरोप आज, ह्याच टेबलावर, सहीनिशी मागे. नवी समिती बसेल, तिच्यात बाई नसतील. आणि एक. ह्या मुलीची चौकशीही त्याच कायद्याने होईल. तिचंही ऐकायचं, तिच्याही बाजूने कोणी मोठं माणूस बसायचं, आणि तिचं नाव ह्या खोलीबाहेर जायचं नाही. उद्या तिच्या नावाचं कोणी टपाल काढलं, तर मी तिचीही तक्रार घेईन."

"माप बरोबर घेतलंत, जावईबापू," आक्का पुटपुटली.

एव्हाना सहा खुर्च्यांचं अंतर नाहीसं झालं होतं. शिडी कधी उठली कोणी पाहिलं नाही, आणि तिला उठताना न पाहणं सोपं नव्हतं. ती चिमीच्या खुर्चीजवळ येऊन नुसती उभी होती. बोल म्हणत नव्हती.

चिमीने वहीचं शेवटचं पान उलटलं. निळसर, घडीवर विरलेला कागद. शाळेच्या पहिल्या दिवसाची यादी. आईचं घाईतलं, तिरकं अक्षर. ती वाचू लागली, अगदी हळू, मोठ्याने.

"रिबिनी. रुमाल, दोन. पाण्याची बाटली, झाकण घट्ट. पेन्सिलीला टोक. डब्यात थोडंच, घाईत जेवत नाही ती." मग ती थांबली. खालची ओळ तिने मनात वाचली. पुन्हा वाचली. वही मिटून छातीशी धरली.

आक्काने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकील स्कूटर घेऊन दुकानाशी आला. समोर फाटकापाशी बायंडर लेकीला सोडायला आला होता. शिडी आधीच हजर होती. दोघी आत गेल्या. बाप तिथेच उभा राहिला, हातात काही नसताना काहीतरी धरल्यासारखा.

"चला आक्का, कोर्टाच्या वाटेवर तुम्हाला बाजारात सोडतो."

"थांबा जरा."

"कशाला? गेली की ती आत."

"काल त्याने मला त्या यादीतली शेवटची ओळ सांगितली." आक्काने पदर सारखा केला. "पोर फाटकातून आत गेली तरी लगेच निघायचं नाही. ती मागे वळून बघते."

वकिलाने किल्ली फिरवली होती, ती परत फिरवली. स्कूटर थांबली.

पटांगणाच्या मध्यावर चिमी थांबली. वळली. फाटकाशी बाप होता. तिने खूप वेळ बघितलं, बापाकडे आणि बापाच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. मग हात वर केला.

घंटा झाली.

"दोरा तुटला वाटतं," आक्का म्हणाली. यंत्र तर तिने अजून सुरूही केलं नव्हतं.